भाग संपल्यावर आधी लिहायचं, मग बोलायचं

रहस्यमालिका चार-सहा जणांनी एकत्र बसून बघायची ठरवली की बहुतेक घरांत एकच गोष्ट बिघडते. शेवटचा सीन संपतो, सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस “दीरच खुनी, लिहून ठेवा” म्हणतो आणि लिहून कोणीच ठेवत नाही. बाकीच्यांना भाग बघताना जे बारीकसारीक खटकलेलं असतं ते त्या आवाजाखाली दबून जातं. महिन्याभराने खुनी उघड झाला की “मी तर तेव्हाच म्हटलं होतं” असं म्हणणारे पाच जण निघतात आणि तपासायला हाताशी काहीच नसतं. म्हणून या बैठकीचा पहिला नियम: भाग संपल्यावर पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

सहा ते आठ माणसं पुरे. दहाच्या वर गेली की सोफ्यावरचे आणि खाली सतरंजीवरचे असे दोन गट पडतात आणि दोन वेगळ्या चर्चा सुरू होतात. ए-फोर कागदाचे चार तुकडे करायचे आणि माणशी दोन तुकडे द्यायचे. पेनं सगळ्यांची एकाच रंगाची ठेवायची, नाहीतर चिठ्ठी कोणाची ते लगेच कळतं. चिठ्ठ्या गोळा करायला झाकणाचा स्टीलचा डबा घ्यायचा. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला नाव आणि भागाचा क्रमांक, पुढच्या बाजूला तीन ओळी: काय पाहिलं, त्यावरून काय वाटलं, खात्री किती. खात्री १ ते ५ आकड्यात लिहायची.

पहिल्या दोन ओळी वेगळ्या ठेवणं नव्या माणसाला जड जातं. “ती घाबरली होती” हे पाहिलेलं नाही, वाटलेलं आहे. पाहिलेलं म्हणजे “इन्स्पेक्टरने नाव घेतल्यावर तिने कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.” हा फरक पहिल्याच दिवशी दोन उदाहरणं देऊन समजावून सांगा. तो जमला नाही तर पुढची सगळी चर्चा अंदाजावर अंदाज रचत जाते आणि मूळ सीनमध्ये नेमकं काय होतं हे कोणालाच आठवत नाही.

बघताना

संवाद ऐकू आला नाही तर धागा सुटतो, आणि आपल्या घरांत तो सुटायची कारणं ठरलेली आहेत. कुकर भागाच्या आधी उतरवून ठेवायचा, कारण शिट्टी नेमकी कुजबुजीच्या सीनला होते. चकली, चिवडा, वेफर्स मध्यंतरासाठी राखून ठेवायचे. बघताना ढोकळा किंवा इडली चालते. वडापावचं तेल बोटांना लागतं आणि चिठ्ठ्या डागाळतात, म्हणून तो आधीच संपवायचा. मालिका मराठी असली तरी सबटायटल्स असतील तर लावायची. मागे पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्न असताना नाव “सुहास” होतं की “सुभाष” यावरून अर्धा तास वाद होऊ शकतो.

पावसाळ्यात डीटीएचवर भरवसा ठेवू नका. जोराची सर आली की डिशला मिळणारा सिग्नल क्षीण होतो आणि चित्र चौकटी-चौकटी होऊन थांबतं. वाहिनीचं ॲप फोनवर आधीच उघडून, लॉगिन करून ठेवा. मात्र ॲपवरचं थेट प्रक्षेपण टीव्हीच्या काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतं. तेवढ्यात दुसऱ्या घरी बघणाऱ्या मावशींचा “अगं बाई!!” असा मेसेज येतो आणि पुढे काहीतरी होणार हे कळून जातं. म्हणून भाग सुरू व्हायच्या आधी गटातल्या संदेशांची सेटिंग “फक्त ॲडमिन” अशी करून टाकायची आणि चिठ्ठ्या डब्यात पडल्यावर ती उघडायची.

चिठ्ठ्या वाचणं

एकाने सगळ्या चिठ्ठ्या नाव न सांगता वाचायच्या, आधी सगळ्यांची फक्त पहिली ओळ. सहापैकी चौघांनी तीच गोष्ट पाहिली असेल तर ती दिग्दर्शकाने मुद्दाम दाखवलेली असते. फक्त एकाला दिसलेली गोष्ट जास्त मोलाची असू शकते, पण ती खरंच होती का हे तो सीन मागे नेऊन लगेच बघायचं. त्यासाठी चिठ्ठीवर अंदाजे मिनिट लिहिलेलं असलं की बरंच सोपं जातं. त्यानंतर दुसरी ओळ, आणि मग चर्चा मोकळी.

चर्चेत सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न एकच: हा धागा आहे की चूक? सलग चालणाऱ्या मालिकेचे सीन कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एकाच दिवशी दिवाणखान्यातले चार वेगवेगळ्या भागांतले सीन उरकले जातात. त्यामुळे घड्याळ उजव्या हातावरून डाव्या हातावर गेलं, टिकलीचा रंग बदलला, ग्लासातलं पाणी वाढलं, यातलं बहुतेक चूक असतं. धागा असेल तर कॅमेरा त्या वस्तूवर थांबतो, किंवा ती वस्तू दुसऱ्यांदा दिसते, किंवा एखादं पात्र तिच्याबद्दल बोलतं. तिन्हीपैकी एकही नसेल तर चिठ्ठी बाजूला ठेवा, फाडू नका.

प्रोमोवरून तर्क करायचा नाही. प्रोमोत दोन वेगळ्या सीनमधले संवाद एकापुढे एक जोडलेले असतात, आणि त्यातला “खून” पुष्कळदा कोणाच्या तरी स्वप्नात झालेला निघतो. ओळखीचा मोठा नट छोट्या भूमिकेत आहे, म्हणजे तोच खुनी, हा तर्क पुष्कळदा बरोबरही येतो, पण त्याला कथेतला पुरावा म्हणत नाहीत. असे तर्क वेगळ्या कागदावर लिहा.

मुंबईची तपासणी

कथा मुंबईत घडत असेल तर इथल्या प्रेक्षकाला एक फायदा आहे: संशयिताचा जबाब तो स्वतः तपासू शकतो. दादरहून अंधेरीला फास्ट लोकलने साधारण वीस मिनिटं लागतात, स्लोने सात-आठ मिनिटं जास्त. त्यात जिने, पूल आणि गाडीची वाट मिळवा. नऊ वाजता दादरला दिसलेला माणूस सव्वानऊला वर्सोव्यात असू शकत नाही. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. पूर्ण प्रवास साधारण २१ मिनिटांचा. कथा २०१२ सालची असेल तर तोच रस्ता गर्दीच्या वेळी तासाभराचा धरायचा. रविवारची घटना असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवलेले रेल्वेमार्ग, लक्षात घ्या.

रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच. गिरगावात रिक्षातून उतरणारं पात्र खोटं बोलत असेल किंवा लेखक चुकला असेल. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, पण त्यावर मोटरसायकल आणि रिक्षाला परवानगी नाही. “बाइकने सेतूवरून न्हावा शेवाला गेलो” असा जबाब आला तर तो लाल पेनाने गोल करून ठेवा. हाजी अली दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल पाचला तिथे पोहोचता आलं म्हणून चार दिवसांनी पाचला येईलच असं नाही.

जुन्या काळातल्या कथेत पाट्या बघा, बोलणं नाही. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पण लोक अजूनही एल्फिन्स्टन म्हणतात, त्यामुळे पात्राच्या तोंडच्या शब्दावरून साल ठरत नाही. फलाटावरच्या पाटीवरून ठरतं. तसंच दादरचं: मध्य रेल्वेच्या फलाटांना डिसेंबर २०२३ पासून ८ आणि त्यापुढचे क्रमांक आहेत. २०२४ च्या कथेत मध्य रेल्वेची गाडी दादरला एक नंबरवर आली तर चित्रण जुनं आहे किंवा तो प्रसंग भूतकाळातला आहे. दुसरी शक्यता लेखकाने मुद्दाम ठेवलेली असू शकते, म्हणून नोंद करायचीच.

कलमांकडेही लक्ष असू द्या. १ जुलै २०२४ पासून खुनासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, आधी भारतीय दंड संहितेचं ३०२ होतं. पण कलम गुन्हा घडला त्या तारखेवरून ठरतं, गुन्हा नोंदवल्याच्या नाही. आजच्या कथेत इन्स्पेक्टर “३०२” म्हणाला तर खून जुलै २०२४ च्या आधीचा आहे का, ते पाहा. आणि मृत्यूची वेळ: शरीर ताठर होणं साधारण दोन-तीन तासांत जबड्याकडून सुरू होतं आणि बाराएक तासांत पूर्ण अंगात पसरतं. उकाड्यात ते लवकर होतं, थंडाव्यात उशिरा. मे महिन्यात बंद खोलीत एसी सोळावर चालू दाखवला असेल तर तो कोणी आणि का लावला, हा त्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न.

ज्यांनी पुढे पाहिलंय

कोणी पुढचे भाग बघून आलं असेल तर त्याने आल्याबरोबर तसं सांगायचं, चिठ्ठी टाकायची नाही आणि चिठ्ठ्या वाचायचं काम घ्यायचं. त्याला गप्प बसवून कोपऱ्यात ठेवू नका, त्याचं हसूच सगळं सांगून जातं. शेवट माहीत असला म्हणजे मजा गेली असंही नाही. “रात्रीस खेळ चाले” २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाली आणि २०१९ चं दुसरं पर्व त्याआधीच्या काळातलं होतं. अण्णांचं पुढे काय होणार हे माहीत असूनही लोक ते रोज बघत होते, कारण प्रश्न “कसं” हा होता. अशा मालिकेत चिठ्ठीवर खुनी कोण हे न लिहिता, हे घडायला कारण काय ठरेल ते लिहायचं.

फोनवर लिहिताना पहिल्या ओळीत फक्त मालिकेचं नाव, भागाचा क्रमांक आणि “पुढे उलगडा आहे” एवढंच. नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळच आधी दिसते. फोटो पाठवायचा असेल तर एकदाच उघडता येणारा पाठवा, म्हणजे लघुचित्र दिसत नाही.

उलगडा झाला त्या रात्री

डबा उघडा आणि चिठ्ठ्या भागाच्या क्रमाने लावा. बरोबर नाव सगळ्यात आधी कोणी लिहिलं ते बघायचंच, पण गुण देताना नुसत्या नावाला एक आणि बरोबर “पाहिलं” असलेल्या नावाला तीन. खात्री ५ लिहून चुकलेल्याचा एक गुण कापायचा, १ लिहून चुकलेल्याचा नाही. खुनाचं कारण बरोबर आणि माणूस चुकीचा, अशा चिठ्ठीला दोन. त्यानंतर एकट्याला दिसलेल्या, बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्या काढा आणि ते सीन पुन्हा लावून बघा. शेवटच्या लोकलला अजून अवकाश असेल तर पहिला भाग पुन्हा सुरू करा.