हॉन्टेड हाऊसचे रिव्ह्यू लिहिताय? मग या चुका टाळा

हॉन्टेड हाऊस म्हणजे हॅलोविनच्या सीझनला तिकीट लावून चालणारा घाबरवायचा शो, खोल्याखोल्यांतून ॲक्टर दबा धरून बसलेले असतात. मालक रिव्ह्यूवाल्यांना फुकट पास देतात त्यावरून सगळे भांडतात, पण अशा रिव्ह्यूमधला खरा घोळ पासमुळे कमी आणि ओळखीमुळे जास्त होतो. हॉटेलची खोली तुम्हाला ओळखत नाही, इथले ॲक्टर ओळखतात, आणि तिकिटाचे पैसे लोक त्या ॲक्टरच्या मेहनतीचेच तर देतात, त्यामुळे रिव्ह्यूवाला दारात दिसला की आतला शोच बदलतो. यात मालकाची लबाडी असते असंही नाही, आपलं काम चांगलं दिसावं असं कुणालाही वाटणारच.

म्हणजे बघा, तुम्ही मीडिया नाइटला, म्हणजे खास रिव्ह्यूवाल्यांसाठी ठेवलेल्या रात्री, जाता, रांग नाही, वॉकीटॉकीवर आत निरोप गेलेला की रिव्ह्यूवाले येतायत. तुमचा ग्रुप एकटा सोडतात, पुढचे लोक दोन खोल्या लांब, कपाटातला माणूस दम धरून बरोब्बर वेळेला अंगावर येतो, तुम्ही किंचाळता आणि घरी येऊन टायमिंगला दहापैकी साडेनऊ देऊन मोकळे. तेच ठिकाण ऑक्टोबरमधल्या शनिवारी रात्री बघा. सगळे ग्रुप एकाला एक चिकटून आगगाडी झालेली, पुढच्यांना घाबरवून तो बिचारा परत कपाटात शिरतोय तेवढ्यात तुम्ही पोचता, आणि तुम्हाला दिसतं काय तर समोरच्याचं जॅकेट. वाचणारा जाणार आहे ती ही रात्र, आणि साडेनऊ मार्क मिळालेत त्या दुसऱ्या रात्रीला!

त्यामुळे मीडिया नाइटवरून मार्क देऊच नका, साध्या रात्री स्वतःचं तिकीट काढून परत जा. ते जमत नसेल तर निदान वार, रांगेत गेलेला वेळ, आत किती मिनिटं होतात आणि तुम्हाला कुणी ओळखलं का, एवढं तरी लिहा.

पासचं सांगायचं ते वरच सांगा. लेखाच्या शेवटी 'मालकांचे विशेष आभार' लिहिलं की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण नाही. अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था म्हणजे फेडरल ट्रेड कमिशन, थोडक्यात एफटीसी, तिच्या गाइडलाइन्स २०२३ मध्ये अपडेट झाल्या, आणि त्यांचा सूर सरळ आहे की असा संबंध वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटता कामा नये. 'चौघांचे पास मालकाने दिले' हे पहिल्या दोन ओळीत येऊ दे, संपला विषय.

आणि तोच मजकूर उचलून गूगलवर टाकू नका. फुकट मिळालेल्या गोष्टीच्या बदल्यात लिहिलेला रिव्ह्यू गूगलला चालत नाही, तसंच आपण काम करतो किंवा करायचो त्या ठिकाणाबद्दलचा आणि स्पर्धकाने लिहिलेलाही चालत नाही.

इथेच ॲक्टर-रिव्ह्यूवाल्यांची गोची होते. हे क्षेत्र तसं छोटं, लिहिणारे बरेच जण कुठेतरी मास्क लावून उभे राहिलेले असतात किंवा मेकअप करतात, अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात या धंद्यातल्या लोकांचं प्रदर्शन (ट्रेड शो) भरतं, तिथे सगळे एकमेकांना भेटतात. खरं सांगायचं तर सगळ्यात जाणकार रिव्ह्यू हेच लोक लिहितात, हवेच्या दाबावर आपोआप उसळणारा पुतळा (प्रॉप) आणि माणसाने दिलेला दचका यातला फरक त्यांनाच नीट कळतो, त्यामुळे त्यांनी लिहूच नये असं मी म्हणणार नाही. पण 'मी माझ्या हाऊसला मार्क देत नाही, बाकीच्यांना देतो' ही पळवाट आहे. शेजारच्या हाऊसला सहा दिले की गिऱ्हाईक तुमच्याकडेच वळतं ना! त्याच टापूतल्या सगळ्यांनाच सोडून द्या.

सगळ्यात साळसूद वाटणारी चूक म्हणजे 'आम्ही वाईट रिव्ह्यू छापत नाही, मालकाला खाजगीत सांगतो'. हेतू चांगला असेल, पण वाचणाऱ्याला सगळीकडे आठ नऊ मार्कच दिसतात आणि सात मिळालेलं ठिकाण भंगार आहे हे त्याने कसं ओळखायचं? त्यात साइटवर त्याच हाऊसची जाहिरात असली की खाल्ल्या मिठाला जागताय हे कुणीही म्हणणार. छापायचं नसेल तर 'इथे गेलो होतो, मार्क देत नाही' एवढी ओळ टाका. टॉप टेन काढत असाल तर त्यातल्या जाहिरातदारांच्या नावापुढे तसं लिहा.

आता रिव्ह्यू आधीच टाकलाय आणि मग भानगड कळली तर? समजा टीममधल्या एकाचा भाऊ तिथे लाइटिंग करतो असं निघालं. लेख गुपचूप उडवू नका, वर तारखेसकट नोंद टाका, टीममधल्या त्या माणसाने दिलेले मार्क काढून सरासरी परत करा. मालकाचा मेसेज आला तर पार्किंगची फी चुकली वगैरे असेल ते लगेच दुरुस्त करा, मार्कांना हात लावू नका. 'चांगलं लिहिलंत तर पुढच्या सीझनचे पास' असं आलं तर सरळ नाही म्हणा, कारण ऑक्टोबर २०२४ पासून लागू असलेल्या एफटीसीच्या नियमात चांगलं किंवा वाईटच लिहायच्या अटीवर काही देणं बंद आहे आणि दंड प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो.

आणि आत जाताना सही करून घेतात त्या फॉर्ममध्ये 'वाईट रिव्ह्यू लिहिणार नाही' असं घुसडलेलं सापडलं तर घाबरू नका. अमेरिकेतल्या २०१६ च्या कन्झ्युमर रिव्ह्यू फेअरनेस ॲक्ट या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकांसाठीच्या छापील फॉर्ममधली असली अट मुळातच रद्द आहे, फक्त लिहिलेलं खरं असलं पाहिजे. फॉर्मचा फोटो मात्र काढून ठेवा.