कास्टिंगच्या ड्रॉइंगवर डेटम टार्गेट: माझा अनुभव

मी अंधेरी एमआयडीसीत डिझाइनला आहे. एका ब्रॅकेटच्या कास्टिंगला (ओतीव पार्टला) मी खालच्या फेसवर नुसता त्रिकोण लावून ए डेटम (म्हणजे मापं जिथून धरायची तो संदर्भ) लिहिला आणि ड्रॉइंग सोडलं, मग काय, आमच्या इन्स्पेक्शनचं रीडिंग वेगळं आणि मशीनवाल्याचं वेगळं. शेवटी स्वतः जाऊन पार्ट सपाट सरफेस प्लेटवर ठेवला, कोपरा बोटाने दाबला तर खट् आवाज. फेस रफ, म्हणजे दर वेळी तो वेगळ्याच तीन उंचवट्यांवर बसत होता!

मग डेटम टार्गेट दिले, म्हणजे पार्ट नेमका कुठे टेकवायचा त्या ठरावीक जागा. खालच्या फेसवर ए१, ए२, ए३, बाजूला बी१, बी२ आणि टोकाला सी१, आपलं नेहमीचं ३-२-१. टार्गेटचं चिन्ह म्हणजे आडवा दुभागलेला गोल, त्याच्या खालच्या अर्ध्यात अक्षर-नंबर, वरच्या अर्ध्यात पॅडची साइज, मी १० मिमी व्यास दिला. टार्गेट मागच्या बाजूला असेल तर लीडर (चिन्हापासून टार्गेटकडे जाणारी रेषा) तुटक द्यायचा. आणि जागा बेसिक डायमेन्शननेच (चौकटीतलं, स्वतःचा टॉलरन्स नसलेलं नेमकं माप) द्या, हे खरंच बरेच जण विसरतात. पार्ट पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचे पॅडही त्याच जागी बसवून घेतले, आता दोन्हीकडचं रीडिंग जुळतंय.

हो, बोअरचा (गोल भोकाचा) अक्ष डेटम हवा असेल तर त्रिकोण डायमेन्शन लाइनच्या सरळ रेषेत लावा, सेंटरलाइनवर नको.