शाळेत स्ट्रेंथ ट्रेनिंग: तास शिक्षकांच्या हाती द्यायचा कसा

शाळेला मदत करायची म्हटलं की पहिली यादी निघते ती साहित्याची. ती तूर्त बाजूला ठेवा. किशोरवयीन मुलांचा ताकदीचा व्यायाम शाळेत टिकतो की बंद पडतो, हे एकाच गोष्टीवर ठरतं: बाहेरचं कोणी नसताना तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना तो तास घेता येतो का. प्रशिक्षकाने वर्षभर उत्तम तास घेतले आणि शिक्षक शिट्टी गळ्यात अडकवून कडेला उभे राहिले, तर प्रशिक्षक गेल्यावर मागे फक्त डंबेल उरतात.

पहिली भेट

वेळापत्रकात तास ४० मिनिटांचा असला तरी वर्गातून मैदानावर येणं, हजेरी, बुटांच्या नाड्या यांत १० मिनिटं सहज जातात. आखणी ३० मिनिटांचीच करा. एका वेळी किती मुलं येतात, जमीन सपाट आणि कोरडी आहे का, सगळ्यांना खाली बसता-उठता येईल असे कपडे असतात का, हे बघून घ्या. साहित्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते तेही विचारा. प्रश्न किरकोळ वाटतो, पण किल्ली ज्यांच्याकडे आहे ते उशिरा येतात एवढ्याच कारणाने पहिल्या तासाचे वर्ग बुडत राहतात.

मुख्याध्यापक आणि पालक हमखास विचारतात, ‘उंची खुंटणार नाही ना?’ जाणत्या देखरेखीखाली, नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते असा पुरावा नाही. हाडांच्या टोकाशी, जिथून वाढ होते तिथे, इजा झाल्याच्या घटना आहेत. पण त्यांच्यामागे बहुतेक वेळा झेपणार नाही इतकं वजन, चुकीची पद्धत किंवा कोणाचंच लक्ष नसणं ही कारणं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांच्या हालचालीबरोबरच आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. एवढं एका कागदावर लिहून द्या. वजन उतरेल, मार्क वाढतील असली आश्वासनं मात्र देऊ नका.

पालकांकडून एक पानी आरोग्य माहिती घ्या: हृदयाचा आजार, रक्तदाब, फिट येणं, दमा, कर्करोगावरचे उपचार, अलीकडचं फ्रॅक्चर, पळताना चक्कर किंवा छातीत दुखणं. एकाही ठिकाणी ‘हो’ असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला, मग व्यायाम. दमा असलेल्या मुलाचा इनहेलर दप्तरात नाही, मैदानावर हवा.

शिक्षकांची तयारी

सुरुवातीला ३-३ तासांची दोन सत्रं घ्या आणि त्यांत शिक्षकांना प्रत्येक हालचाल स्वतः करायला लावा. पुढे ६ आठवडे शिक्षकांसोबत काम. पहिले दोन आठवडे तास प्रशिक्षकाचा. शिक्षकांनी फक्त एक गोष्ट पाहायची, म्हणजे आज गुडघे, उद्या पाठ. पुढचे दोन आठवडे वॉर्मअप आणि दोन व्यायाम शिक्षकांकडे. शेवटच्या दोन आठवड्यांत संपूर्ण तास त्यांचा. प्रशिक्षकाने कडेला उभं राहून तोंड बंद ठेवायचं (हेच सर्वांत अवघड जातं) आणि तास संपल्यावर एकच सुधारणा सांगायची. मुलांसमोर शिक्षकांची चूक दुरुस्त केली की ते पुढच्या वेळी तास घेत नाहीत. बदली आणि रजा गृहीत धरून किमान दोन शिक्षक तयार करा.

३० मिनिटांचं गणित

३६ मुलं असतील तर सहा जागा आखा, प्रत्येकी सहा जण: स्क्वॉट (खाली बसून उठणं), कमरेतून वाकणं, पुशअप, उडी, बँड मागे ओढणं, वजन घेऊन चालणं. तिघे व्यायाम करतात, तिघे आपल्या जोडीदारावर नजर ठेवतात, मग अदलाबदल. ६ मिनिटं वॉर्मअप, ४ मिनिटं प्रात्यक्षिक, प्रत्येक जागेवर ३ मिनिटं याप्रमाणे १८ मिनिटं, शेवटची २ आवराआवरीला. तीन मिनिटांत ३५ सेकंदांच्या चार पाळ्या बसतात, म्हणजे प्रत्येकाचे दोन सेट. उरलेले ४० सेकंद अदलाबदलीत आणि पुढच्या जागेवर जाण्यात जातात. ३५ सेकंदांत सावकाश आठ आवर्तनं होतात. पंधरा झाली तर समजा, मूल घाई करतंय.

हातात खरं वजन असेल तेव्हा एका जाणत्या मोठ्या माणसामागे १० पेक्षा जास्त मुलं नकोत. म्हणून एकटे शिक्षक असताना सहापैकी एकाच जागेवर वजन ठेवा. शिक्षकांनी तिथेच, पाठ भिंतीकडे करून उभं राहायचं, म्हणजे बाकीच्या पाच जागाही नजरेत राहतात.

आता साहित्य. हे सगळं एका गटाला पुरतं:

– ४, ६ आणि ८ किलोच्या प्रत्येकी दोन केटलबेल (वर कडी असलेली वजनं) किंवा वाळूच्या पिशव्या
– साधारण सव्वा मीटर लांबीच्या तीन गुळगुळीत काठ्या
– तीन रबरी बँड, दोन भक्कम बाकं, जमिनीवर रेघ मारायला खडू

पिशवीत कोरडी वाळू पाऊण भागच भरा, आत प्लास्टिकची दुसरी पिशवी असू द्या, वजन बाहेर ठळक लिहा. बँड उन्हात ठेवले की रबराला बारीक चिरा पडतात आणि तो तुटतो तेव्हा सरळ तोंडावर येतो; दर तासाआधी ताणून पाहा. जमिनीत न रोवलेल्या फुटबॉलच्या गोलपोस्टला लटकणं किंवा बँड बांधणं सक्त मना, तो आडवा होऊ शकतो. जिममधली मशिन घेऊ नका. ती मोठ्यांच्या हातापायांच्या मापाची असतात आणि एका वेळी एकालाच उपयोगी पडतात.

काय बिघडतं, का आणि उपाय काय

स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जातात. बहुतेकदा घोटा पुरेसा वाकत नाही. टाचेखाली दोन सेंटिमीटरची फळी द्या किंवा ४ किलोचं वजन छातीशी धरायला सांगा; समोरच्या वजनाने तोल सावरतो आणि मूल सरळ खाली बसतं. गुडघे आत पडत असतील तर कमी खाली बसू द्या आणि ‘गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने’ एवढंच सांगा.

कमरेतून वाकण्याची हालचाल मुलांना सर्वांत उशिरा जमते आणि पाठीसाठी तीच महत्त्वाची. काठी पाठीवर उभी धरायची: डोकं, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकलेली हवी. वाकताना एकही ठिकाण सुटलं तर तिथेच थांबायचं. तिन्ही टेकवून दहा वेळा जमल्याशिवाय हातात वजन नाही.

पुशअपमध्ये कंबर खाली झुकते ती पोटाचे स्नायू थकल्यामुळे. हात बाकावर ठेवून करू द्या, जमेल तसा आधार खाली आणा. उडीत आवाज ऐका. धप्प आवाज आला तर गुडघे ताठ आहेत. मागे ओढणं आणि वजन घेऊन चालणं फारसं बिघडत नाही, फक्त खांदे कानाला भिडू देऊ नका. श्वास रोखून धरणाऱ्याला मोठ्याने आकडे मोजायला लावा.

वाढ कशी करायची

आठवड्यातून दोन तास, सलग दिवशी नाहीत. आणखी दोन-तीन आवर्तनं जमली असती, अशा वेळी थांबायचं. वजन एकदम ५ ते १० टक्क्यांनी वाढवावं असं सांगतात, पण ४ वरून ६ किलो म्हणजे थेट ५० टक्के! म्हणून मधे पायऱ्या घाला: आधी आठाची बारा आवर्तनं, मग खाली जाताना तीन मोजणं, मग तळाशी क्षणभर थांबणं. हे लागोपाठच्या दोन वर्गांत स्वच्छ जमलं की पुढचं वजन. यात एका पाळीला जास्त सेकंद लागतील. त्या दिवशी प्रत्येक गटाला सहाऐवजी चारच जागा द्या. जास्तीत जास्त किती उचलतोस याची स्पर्धा वर्गात नको.

साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास मुलींची आणि १४ च्या आसपास मुलांची उंची झपाट्याने वाढते. काल नीट करणारं मूल अचानक धडपडायला लागतं. हा आळस नाही; हातपाय लांब झाले, अंदाज चुकतोय. हातातलं वजन कमी करा. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखत असेल तर उड्या थांबवा. दुखणं रेंगाळलं तर डॉक्टर.

वर्गात कोणाचं वजन करू नका, नावांची क्रमवारी लावू नका. मोठी मुलं बघत उभी असली की अनेक मुली मागे राहतात; अशा वेळी गट आणि जागा बदलल्या तरी फरक पडतो.

शिक्षा म्हणून उठाबशा किंवा पुशअप, हे आधीच लेखी बंद करून घ्या. शेकड्यांनी उठाबशा काढायला लावल्यास स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. असह्य दुखणं, सूज आणि गडद तपकिरी लघवी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय.

परीक्षेच्या काळात तास पूर्ण बंद न करता आठवड्याला एक ठेवा. कमावलेली ताकद बरीचशी टिकते. मोठ्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात एकच सेट आणि आधीच्या निम्मं वजन, मुलांनी कितीही ‘सर, जमतंय’ म्हटलं तरी.