गोड स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन आणि गोडधोड: या चुका टाळा

बारा वर्षं मी नाशिककडच्या एका वायनरीत टेस्टिंग रूममध्ये काम केलं. आता अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात घरची संत्र्याची बाग पाहतो, पण फोन काही थांबले नाहीत. कुणाच्या वडिलांची एकसष्टी असते, कुणाच्या पोराला नोकरी लागलेली असते, शेतावर जेवण ठरलेलं असतं. “भाऊ, गोडासंग शॅम्पेन आणली हाय, बराबर हाय ना?” वाईट याचं वाटतं की फोन येतो तो बाटली आणल्यावर. गोडाला काय करणार हे आधी ठरवा, मग दुकानात जा. एवढं केलं तरी निम्म्या चुका टळतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाटलीवरचा शब्द न वाचणं, किंवा वाचून उलटा समजणं.

ब्रूट, एक्स्ट्रा ड्राय, ड्राय किंवा सेक, डेमी-सेक, डू. या साखरेच्या पायऱ्या आहेत. युरोपच्या नियमांप्रमाणे ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, ड्रायमध्ये 17 ते 32, डेमी-सेकमध्ये 32 ते 50 आणि डूमध्ये 50 च्या वर. म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ब्रूटपेक्षा गोड, आणि नुसती ‘ड्राय’ तिच्याहून गोड. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन फार गोड असायची. रशियाला जाणाऱ्या बाटल्यांत तर लिटरला 200 ग्रॅमच्याही वर साखर असे. त्या मानानं जी कमी गोड, ती ‘ड्राय’ ठरली. पुढं इंग्रज गिऱ्हाइकांना त्याहून कमी गोड हवी झाली, पॉमेरी या शॅम्पेन कंपनीनं 1874 ची ब्रूट काढली, आणि जुनी नावं मात्र तशीच राहिली.

आकडे लक्षात राहत नसतील तर चहा धरा. 100 मिलीच्या कपात एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅम साखर टाकली की लिटरला 50 होते. ती झाली डेमी-सेकची वरची हद्द. ब्रूट म्हणजे कपाला जेमतेम पाव चमचा. आणि इटलीची अस्ती नावाची गोड स्पार्कलिंग म्हणजे दोन चमच्यांचा चहा, आपल्याकडं पाहुण्यांना देतात तसा. थंडपणामुळं आणि आंबटपणामुळं ती जिभेला तेवढी गोड लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या मामाजींच्या एकसष्टीला हेच नडलं. मावसभावानं नागपूरहून चार बाटल्या आणल्या. दुकानात “चांगली गोड द्या” म्हणाला होता, दुकानदारानं “हीच चालते” म्हणून ब्रूट बांधून दिली, आणि यानं लेबल पाहिलं नाही. ताटात पुरणपोळी, शेजारी वाटीभर तूप. मामाजींनी तुपात बुडवलेला घास खाल्ला, वर घोट घेतला आणि डोळे मिटले. “अरे बाप्पा, हे तं लिंबाचं पाणी हाय! साखर टाकाची राह्यली का?” मावसभावाचं तोंड उतरलं. त्याचे पैसे गेले होते आणि मान खाली गेली होती.

मी मामाजींना पाण्यानं चूळ भरायला लावली, चार खारे फुटाणे दिले आणि तोच ग्लास परत हातात दिला. या वेळी ते म्हणाले, “आता बरी लागते.” वाइन तीच होती. तोंडात पुरणाचा गूळ असला की वाइनमधली थोडकी साखर जिभेला कळतच नाही, उरतो तो नुसता आंबटपणा. त्या दिवशी मी उरलेल्या बाटल्या पोळीच्या आधी, भज्यांसोबत संपवायला लावल्या. तिथं त्या छान जमल्या.

तेव्हापासून माझा एकच नेम आहे: वाइन ताटातल्या गोडाइतकी तरी गोड हवी, जास्त असली तर उत्तम. घरी याची परीक्षा दोन घोटांत होते. एक घोट गोड खाण्याआधी घ्या, एक नंतर. दुसऱ्या घोटाला चेहरा आंबट झाला तर जोडी चुकली.

मग घ्यायची कोणती? मी ‘मोस्काटो’ शब्द शोधतो. इटलीच्या पिएमोंते भागात मोस्काटो बियांको नावाच्या द्राक्षापासून अस्ती आणि मोस्काटो दास्ती या दोन वाइन होतात. 1993 पासून दोन्हींना तिथला सर्वोच्च दर्जा आहे. रस बंद टाकीत आंबवतात आणि साखर संपायच्या आत गार करून, गाळून ते आंबणं थांबवतात. त्यामुळं उरलेला गोडवा द्राक्षाचा स्वतःचा असतो, आणि मोस्काटो दास्तीत अल्कोहोल साधारण पाच टक्क्यांवरच राहतं. बंद टाकीत बुडबुडे धरायची रीत इटलीचे वाइनतज्ज्ञ फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी 1895 मध्ये काढली. डेमी-सेक शॅम्पेनचा गोडवा मात्र शेवटी घातलेल्या साखरेच्या मिश्रणाचा असतो. ती वाईट नाही, पण अनारसे किंवा करंजीइतपत बेताच्या गोडालाच पुरते.

आंबिया बहाराला बाग फुलते तेव्हा संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की जो वास येतो, त्याच्या जवळचा वास मी पहिल्यांदा मोस्काटोच्या ग्लासात घेतला. नाशिकला घरापासून दूर होतो. ग्लास नाकाशी धरून बराच वेळ तसाच उभा राहिलो. म्हणून संत्रा बर्फी आणि मोस्काटो दास्ती ही जोडी मी सगळ्यांच्या वर ठेवतो. बर्फीचा तुकडा मात्र बोटाएवढाच, खव्याच्या बर्फीचे मोठे चौकोन नकोत. पुरणपोळीला अस्ती घ्या, तिचे जोरकस बुडबुडे तूप धुऊन काढतात. सीताफळाची रबडी आणि वेलचीचं श्रीखंड दोन्हींसोबत चालतं. गुलाबजामाच्या वाटेला जाऊ नका. त्याच्या पाकात निम्म्याहून जास्त साखर असते, तिथं कुठलीच स्पार्कलिंग टिकत नाही. चॉकलेट केकच असेल तर ब्राकेत्तो दाक्वी मिळते का पाहा. ती लाल, गोड आणि गुलाबाच्या वासाची असते.

दुसरी चूक आपल्या उन्हाची. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि लोक बाटली गाडीच्या डिक्कीत टाकून दुपारी गावाला येतात. शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा बारचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या अडीच-तीन पट, आणि तापल्यावर तो आणखी वाढतो. एका घरी मी पाहिलं, पोरानं डिक्कीतून बाटली काढली, क्रिकेटवाल्यांसारखी हलवली आणि बूच सोडलं. बूच टिनावर आदळलं, अर्धी बाटली अंगणात सांडली, आणि उरलेली कोमट वाइन शेवयांच्या खिरीसोबत कुणाला घोटभरही गेली नाही. डोळा वाचला हे नशीब. हलवणं मला अजिबात सहन होत नाही. कुणीतरी महिनोन्महिने जपून बाटलीत कोंडलेली गंमत तुम्ही मातीला पाजता.

उशीर झाला की दुसरे लोक बाटली फ्रीजरमध्ये कोंबतात आणि विसरतात. वाइन गोठली की फुगते, बूच सरकतं, बाटली फुटते. शिवाय आपल्याकडं लाइनचा भरवसा नाही, गेली की फ्रीज नुसतं कपाट. मी तालुक्याहून बर्फाची अर्धी लादी आणतो, ती गोणपाटात फोडतो, बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन दोन मुठी खडा मीठ टाकतो. बाटली मानेपर्यंत बुडली पाहिजे. नुसत्या बर्फात ठेवली तर बाटलीला सगळीकडून गारवा लागत नाही, पाणी हवंच. अर्ध्या तासात 6 ते 8 अंशांपर्यंत येते. तेवढा धीर नसेल त्यानं बाटली घेऊच नये.

उघडताना आधी पन्नी काढा. तार सहा अर्ध्या फेऱ्यांत सैल होते, ती काढून टाकू नका, बुचासकट मुठीत धरा. वरून टॉवेल, बाटली तिरपी, तोंड माणसांपासून दूर. आता बूच स्थिर ठेवून खालची बाटली फिरवायची. ‘फट्’ नको, ‘फुस्स’ एवढाच आवाज यावा. काही मोस्काटोंना तारच नसते, त्यांचा दाब कमी असतो, तरी बाटली आधी थंड हवीच.

स्टीलच्या पेल्यात ओतू नका. काचेला साबणाचा अंश राहिला की बुडबुडे टिकत नाहीत, म्हणून मी ग्लास नुसत्या गरम पाण्यानं धुतो. एकदम भरू नका, दोनदा ओता. मोस्काटो पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवू नका, तिचा वास वर्ष-दोन वर्षांत उडतो. लिंबाचं कोल्ड्रिंक मिसळून गोड करायचा शॉर्टकट मला कुणी विचारूसुद्धा नये.

नागपूरहून अमरावती रस्त्यानं येत असाल तर कारंजा घाडगे आणि तळेगाव वर्धा जिल्ह्यात येतात, आणि तिथं दारूबंदी आहे. मी बाटल्या असल्या की काटोल-जलालखेड्यावरूनच येतो.

बाटली उरली तर बुडबुडे टिकावेत म्हणून लोक तिच्या तोंडात चमचा अडकवतात, त्यानं काही होत नाही. घट्ट लागणारं स्पार्कलिंगचं झाकण मिळतं ते लावा आणि फ्रीजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी बुडबुडे कमी होतात, पण वास राहतो. संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून वाटीत घेतो आणि उरलेली मोस्काटो त्यांच्यावर ओततो.