सीपीयूचा आकडा कधी 0, कधी 50
लिनक्सवरचा आमचा प्रोग्राम स्वतःचा सीपीयू वापर स्वतःच मोजायचा, पण आकडा नुसत्या उड्या मारायचा. प्रॉक म्हणजे लिनक्सचं चालू प्रोग्रामांची माहिती देणारं फोल्डर. त्यातल्या स्टॅट फाइलमध्ये प्रोग्रामने वापरलेला सीपीयू वेळ टिकमध्ये, म्हणजे ठरावीक छोट्या तुकड्यांत, मिळतो. सेकंदाला सहसा 100, म्हणजे एक टिक 10 मिलिसेकंदांचा. आणि कोड वाचत होता दर 20 मिलिसेकंदांनी! एक टिक इकडचा तिकडे झाला की थेट 50 टक्के.

मग क्लॉक-गेटटाइम हे वेळ वाचायचं फंक्शन वापरून प्रोसेसचा (म्हणजे आमच्या चालू प्रोग्रामचा) सीपीयू वेळ नॅनोसेकंदांत घेतला, सोबत मोनोटॉनिक घड्याळ, म्हणजे कधीच मागे न जाणारं. दोन वाचनांमधला सीपीयू वेळेचा फरक भागिले घड्याळाचा फरक, बस्स. सिस्टिमची साधी वेळ घेऊ नका. ती मध्येच मागेपुढे झाली की उत्तर उणेसुद्धा येतं. वाचनांतलं अंतर एक सेकंद ठेवलं आणि आकडा ताळ्यावर आला. चार थ्रेड (प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी कामं) सीपीयूच्या चार कोअरवर जोरात असले की 400 टक्के दिसतात, ते बरोबरच आहे. खटकत असेल तर कोअरच्या संख्येने भागा.