भावंडांनी मिळून ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ पाहायचा असेल तर

भावाबहिणीच्या मायेचा चित्रपट म्हणून जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या अ‍ॅनिमेशनपटाचे नाव कानावर येते आणि तो भाऊबीजेच्या संध्याकाळी लावावा असा मोह होतो. फोंड्याच्या घरी मी एकदा तेच केले. फराळाची ताटे तशीच राहिली, म्हापशाहून आलेली धाकटी बहीण न जेवता झोपायला गेली आणि आई दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. तेव्हा सणाचा दिवस टाळावा; आषाढातला, पावसाची झड लागलेला एखादा रविवार बरा. चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे, पण पावसात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे लॅपटॉप आधीच पूर्ण चार्ज करून ठेवावा.

चित्रे रंगवलेली आहेत म्हणून लहान मुलांना शेजारी बसवू नये. पट्ट्यांत गुंडाळलेल्या, भाजलेल्या आईचे दृश्य मोठ्यांनाही जड जाते. भाषा मूळ जपानीच ठेवावी आणि खाली उपशीर्षके लावावीत, कारण गोष्टीतल्या धाकट्या बहिणीचा, सेत्सुकोचा, आवाज खरोखरच एका लहान मुलीचा आहे. तिचे संवाद चित्रे पूर्ण होण्याआधीच ध्वनिमुद्रित केले होते, आणि तिचे रडणे, पुटपुटणे, मध्येच अडखळणे ऐकताना ते जाणवते.

सुरू करण्यापूर्वी सोबतच्यांना एवढे सांगावे, की 5 जून 1945 रोजी जपानमधल्या कोबे शहरावर आग लावणाऱ्या बाँबचा मोठा हल्ला झाला, लाकडी घरांच्या वस्त्या जळून गेल्या आणि या गोष्टीतला चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या सेत्सुकोला पाठीवर घेऊन त्यातून बाहेर पडतो. शेवट लपवण्याची काळजी नको. 21 सप्टेंबर 1945 च्या रात्री आपण मेलो, हे सेइता स्वतःच पहिल्या वाक्यात सांगतो.

पाहताना चेहऱ्यांपेक्षा हातांकडे लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. आई वाचण्यापलीकडे भाजल्याचे पाहूनही सेइता बहिणीला खरे काय ते सांगत नाही. शाळेच्या मैदानात ती खाली बसून रडू लागते, तेव्हा तिला जवळ घेण्याऐवजी तो आडव्या लोखंडी दांड्यावर कोलांट्या मारत राहतो. तिला रिझवण्याची ही धडपड आहे की तिच्या नजरेपासूनची पळवाट, हे चित्रपट सांगत नाही. पुढे बहिणीच्या आवडीच्या, चघळायच्या गोड गोळ्यांचा डबा रिकामा होतो, तेव्हा तो त्यात पाणी ओतून, हलवून, तळाशी चिकटलेला गोडवा तिला पाजतो. सेत्सुको मरणाच्या दारात असताना मातीचे गोळे करून भाताचे म्हणून त्याच्यापुढे ठेवते. या दोन कृती एकमेकींशी जोडून पाहाव्यात: त्याने तिला पाणी दिले, ती त्याला माती देते, आणि दोघेही ते जेवण म्हणूनच देतात.

मात्र सेइताला आदर्श भाऊ ठरवून मोकळे होऊ नये. बँकेत आईचे 7000 येन आहेत हे ठाऊक असूनही तो, हल्ल्यानंतर ज्यांच्या घरी दोघे राहतात त्या नातेवाईक बाईंशी जुळवून घेत नाही, बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या पडक्या आसऱ्याला जातो, आणि ती बाई कितीही तुसडी असली तरी तिच्या चुलीवर रोज काहीतरी शिजत होते हे नाकारता येत नाही. मूळ कथा लिहिणाऱ्या आकियुकी नोसाका यांची स्वतःची धाकटी बहीण युद्धकाळात कुपोषणाने गेली होती. आपण तिच्याशी सेइताइतके प्रेमाने वागलो नव्हतो, हे त्यांनी पुढे कबूल केले. म्हणजे पडद्यावरचा भाऊ हा एका भावाने उशिरा केलेल्या माफीतून आला आहे. हे चित्रपट संपल्यावर सांगावे, आधी नव्हे, कारण आधी सांगितले तर प्रेक्षक सेइताला माया न देता त्याची उलटतपासणी करू लागतो.

संपल्यावर लगेच दिवा लावू नये आणि ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. थोड्या वेळाने उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे काढावे. आमच्याकडे आजाऱ्याला आणि भुकेल्याला तीच देतात, त्यामुळे चित्रपटातल्या पातळ भाताच्या वाडग्याचे वजन कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बोलायचे असेल तर एकच प्रश्न पुरतो: लहानपणी आपण एकमेकांपासून काय लपवले होते? दुसऱ्यांदा मी आणि बहिणीने हा चित्रपट पाहिला तेव्हा तिने वडिलांच्या आजारपणातली एक गोष्ट सांगितली, जी मी तिच्यापासून लपवली असे मला वाटत होते. तिला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

मुलांसाठी, किंवा मन हलके करण्यासाठी, दुसऱ्या दिवशी जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर तोतोरो’ लावावा. 1988 च्या एप्रिलमध्ये हे दोन्ही चित्रपट जपानमध्ये एकाच खेळात जोडीने दाखवले गेले होते. तिथेही आई रुग्णालयात आहे, धाकटी मेई तिच्यासाठी मक्याचे कणीस घेऊन एकटीच निघते आणि वाट चुकते, आणि थोरली सात्सुकी संध्याकाळ होईपर्यंत तिला हाका मारत रस्त्यांवरून धावत राहते.