टेस्ट सगळ्या पास, पण डिझाईन बरोबर आहे का? फॉर्मल व्हेरिफिकेशनला सुरुवात कशी करायची

फॉर्मल मेथड्स, म्हणजे डिझाईन बरोबर आहे का हे गणितानं तपासायच्या पद्धती, म्हटलं की लोक आधीच हात वर करतात, हे गणितवाल्यांचं काम, आपल्याला नाही जमायचं. तसं अजिबात नाहीये. दोन प्रोसेस (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम) आणि एक लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) एवढ्यावर सुरुवात होते, आणि टूल शिकणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरा कस लागतो तो आपल्या सिस्टीममध्ये काय कधीच घडता कामा नये हे स्पष्ट लिहिताना, आणि टूल "पास" म्हणालं की ते कशामुळे पास झालं हे शोधताना.

टेस्टिंग पुरत नाही याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९४ चा पेंटियमचा भागाकाराचा बग. चिपमधल्या टेबलातल्या ५ नोंदी चुकल्या होत्या, बहुतेक आकड्यांना उत्तर बरोबरच यायचं त्यामुळे टेस्टमध्ये काही दिसलं नाही, आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. टेस्ट म्हणजे तुम्ही निवडलेले काही रस्ते. मॉडेल चेकर नावाचं टूल तुम्ही दिलेल्या मॉडेलमधले, म्हणजे डिझाईनच्या छोट्या नमुन्यातले, सगळेच रस्ते चालून बघतं.

आता करायचं कसं. पहिली गोष्ट, कोड उघडू नका. साध्या मराठीत दोन प्रकारची वाक्यं लिहा: "असं कधीच होणार नाही" आणि "असं कधी ना कधी होणारच". पहिल्याला सेफ्टी म्हणतात, दुसऱ्याला लाइव्हनेस. लॉकचं उदाहरण घेतलं तर सेफ्टी म्हणजे अ आणि ब एकाच वेळी आत नसतील, आणि लाइव्हनेस म्हणजे जो थांबलाय त्याचा नंबर कधीतरी लागेलच. हे लिहितानाच निम्मे घोळ बाहेर येतात कारण टीममधल्या दोघांच्या डोक्यात दोन वेगळी वाक्यं असतात.

मग मॉडेल. टीएलए प्लस ही मॉडेल लिहायची भाषा घ्या, ती लेस्ली लॅम्पोर्टनं केलेली आहे आणि फुकट आहे, वर प्लसकॅल नावाची भाषा मिळते जी दिसायला साध्या प्रोग्रॅमसारखी असते. पहिलं डिझाईन असं लिहा: लॉक मोकळा आहे का बघ, मोकळा असेल तर बंद कर, आत जा. इथे एक गोष्ट जपायची, "बघ" आणि "बंद कर" या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवायच्या. दोन्ही एकाच लेबलखाली (प्लसकॅलमध्ये पायरीला देतात ते नाव) लिहिल्या तर टूल त्यांना एकच अखंड पायरी धरतं आणि बग मॉडेलमधून गायबच होतो, प्रत्यक्ष कोडमध्ये मात्र तो तसाच राहतो. वेगळ्या ठेवून टीएलसी, म्हणजे टीएलए प्लसचा मॉडेल चेकर, चालवा, लगेच उलटं उदाहरण समोर येतं: अ बघतो मोकळा, ब बघतो मोकळा, अ बंद करतो, ब बंद करतो, दोघंही आत. ही पायऱ्यांची यादी हीच या सगळ्या उद्योगाची खरी कमाई आहे, ती ओळ न ओळ वाचायची, प्रत्येक पायरीला कुठला व्हेरिएबल बदलला ते बघायचं.

दुरुस्ती म्हणून बरेच जण काय करतात, प्रत्येकाला स्वतःचा झेंडा देतात: आधी माझा झेंडा वर, मग समोरच्याचा वर असेल तर थांब. सेफ्टी पास होते! पण दोघांनी एकदम झेंडे वर केले की दोघंही कायमचे थांबून राहतात, डेडलॉक. म्हणूनच नुसती सेफ्टी तपासून थांबायचं नाही, काहीच न करणारी सिस्टीम सेफ्टीत नेहमीच पास होते. पीटरसनच्या १९८१ च्या अल्गोरिदममध्ये याच्यावर एक "पाळी" नावाचा व्हेरिएबल आहे, झेंडा वर केल्यावर पाळी समोरच्याला द्यायची, आणि समोरच्याचा झेंडा वर असेल आणि पाळीही त्याचीच असेल तरच थांबायचं. हे टाकून परत चालवा, सेफ्टी पास, डेडलॉक नाही. लाइव्हनेस मात्र पहिल्या फटक्यात फेल दिसेल कारण टूल म्हणतं अ नं पुढची पायरी टाकलीच नाही तर? त्यासाठी फेअरनेस सांगावी लागते, म्हणजे ज्याला पुढे जाता येतंय तो कायमचा बसून राहणार नाही. ती सांगितली की तेही पास.

मॉडेल लहानच ठेवा. दोन-तीन प्रोसेस, दोन-तीन मेसेज, बस. आकडे वाढवले की स्टेट्स, म्हणजे सिस्टीमच्या शक्य स्थिती, भराभर वाढतात आणि मशीन रात्रभर चालत बसतं, आणि डिझाईनमधले बरेच बग लहान आकड्यांतच सापडतात. पायऱ्या मात्र कितीही लागू शकतात, अ‍ॅमेझॉनच्या इंजिनीअर लोकांनी २०१५ च्या लेखात लिहिलंय की डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमधला एक बग दाखवायला सगळ्यात लहान रस्तासुद्धा ३५ पायऱ्यांचा होता. असा क्रम हातानं टेस्ट लिहून कोण सापडवणार?

हार्डवेअरवाल्यांसाठी सिंबीयोसिस (SymbiYosys) हे ओपन सोर्स टूल चांगलं आहे. एक ८ जागांची क्यू (रांग) घ्या, ४ बिटचा काउंटर, लिहिताना ८ नसेल तर वाढतो, वाचताना ० नसेल तर घटतो. असर्ट, म्हणजे कायम खरी असायलाच हवी अशी अट, टाका की काउंटर कधीच १२ होणार नाही. खरं आहे ना? बीएमसी (बाउंडेड मॉडेल चेकिंग) मोडमध्ये पास होतं, पण तो फक्त रीसेटपासून ठराविक सायकलपर्यंतच बघतो. प्रूव्ह मोडला, जो इंडक्शननं कायमसाठी सिद्ध करायला बघतो, टाकलं की फेल! कारण इंडक्शन रीसेटपासून सुरू होत नाही, तो कुठल्याही अशा स्टेटपासून सुरू होतो जिथे असर्ट मोडलेला नाही, तर तो काउंटर ११ धरतो, एक लिहितो, झाला १२. इथे नवीन माणूस खोली (किती पायऱ्या बघायच्या तो आकडा) वाढवत बसतो, ५ च्या १०, १० च्या ५०, पण काही उपयोग नाही कारण काउंटर ११ वर हवा तितका वेळ बसून राहू शकतो. उपाय उलटा आहे, जास्त कडक गोष्ट सांगा: काउंटर कधीच ८ च्या वर नाही. हे लगेच सिद्ध होतं आणि १२ वालं त्यातच येतं. कडक विधान सिद्ध करायला सोपं जातं हे पचायला वेळ लागतो पण इंडक्शनची सगळी मेख तिथेच आहे.

आणि अझ्यूम, म्हणजे टूलनं गृहीत धरायच्या अटी, जपून वापरा. बाहेरून येणाऱ्या सिग्नलवर अझ्यूम लावावे लागतात, पण एखादा जास्त लागला, समजा चुकून असा लिहिला की क्यूत कधी लिहिलंच जात नाही, तर सगळे असर्ट पास, हिरवंगार, आणि तपासलं काहीच नाही गेलं. म्हणून प्रत्येक असर्टसोबत एक कव्हर, म्हणजे "हे घडू शकतं ते दाखव" अशी मागणी, टाकाच: क्यू पूर्ण भरून परत रिकामी झालेली दाखव. कव्हर लागत नसेल तर तुमच्या पासला काडीचा अर्थ नाही.

सॉफ्टवेअरच्या कोडवर थेट काम करायचं असेल तर सी भाषेसाठी सीबीएमसी हा मॉडेल चेकर, आणि सिद्धतेसकट लिहायचं असेल तर डॅफ्नी ही भाषा. फक्त एक लक्षात ठेवा, डॅफ्नीचा नुसता इंट (पूर्णांक) अमर्याद असतो. बायनरी सर्चमध्ये (क्रमानं लावलेली यादी अर्धी-अर्धी करत शोधणं) खालचा आणि वरचा इंडेक्स मिळवून दोननं भागायची जी जुनी पद्धत आहे ती डॅफ्नीत आरामात सिद्ध होते, पण ३२ बिटच्या मशीन इंटमध्ये बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेली की ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे आकडा न मावून, इंडेक्स उणे येतो. जावाच्या लायब्ररीत हा बग वर्षानुवर्षं होता, २००६ मध्ये तो जाहीर झाला. त्यामुळे डॅफ्नीत मर्यादा घातलेला टाईप वापरा, किंवा सीबीएमसीला ओव्हरफ्लो चेक चालू करून द्या.

हे सगळं एकदा करून सोडून देऊ नका, मॉडेल कोडच्याच रेपोत ठेवा. दोन प्रोसेसचं मॉडेल प्रत्येक कमिटला चालवा आणि तीन-चारचं रात्री लावून द्या, आणि कोणी लॉकिंगला हात लावला की रिव्ह्यूत आधी एवढंच विचारा, मॉडेलमधली कुठली पायरी बदलली.